कणकेतली गाठ

येरमाळ्याजवळ हायवेला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दर अमावस्येला कॅन्सर पोटातून हातानं बाहेर निघत असे. चाकू नाही, टाका नाही, भूल नाही. लोक जीप भरभरून येत. शेडमध्ये आडवी दोरी बांधलेली होती. ज्यांनी जन्मात मांसमच्छी खाल्ली नाही ते दोरीच्या आत, महाराजांच्या पुढ्यात. बाकीचे सगळे दोरीबाहेर, लांब. मीही बाहेरच होते, कारण आमच्या घरी रविवारी मटण शिजतं आणि मी ते लपवत नाही.

"ही सोवळ्याची दोरी हाय," सूत्रमहाराज माइकवर सांगत होते. "मांस खाणाऱ्याची नजर पडली की गाठ आत पळते!"

आतल्यांनी हात जोडले. बाहेरच्यांनी शरमेनं माना खाली घातल्या. लबाडाला याहून सोयीचे प्रेक्षक कुठं मिळणार होते?

पुढच्या रांगेत शिवगंगाकाकू होत्या, शेजारी नवरा महांतप्पा आणि मुलगा शांतलिंग. माकणीत त्यांचं घर आमच्या घराला लागून. कडक शाकाहारी लिंगायत घर. मी धाराशिवला पॅथॉलॉजिस्ट आहे. काकूंना शौचावाटे रक्त जाऊ लागलं, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यातला तुकडा तपासायला माझ्याकडेच आला आणि कॅन्सरचा निघाला. पण गाठ अजून आतड्यातच होती, यकृतापर्यंत पोचली नव्हती. आत्ता कापून काढली तर काकू वाचण्याची चांगली आशा आहे, असं सर्जननं सांगितलं. तारीखही ठरली. पण त्या तारखेआधी अमावस्या आली आणि महाराजांनी काकूंची गाठ 'काढली'. ऑपरेशन रद्द झालं. त्याला आता कित्येक महिने लोटले होते.

आपण शिकलेसवरलेले वाटावं याची महाराज फार काळजी घेत.

"डॉक्टरलोक ज्याला मायक्रोआरएनए म्हणत्यात ना, त्यो ह्यो!" त्यांनी ताटलीतला एक पांढरा, ओला धागा वर धरला. "राखणदार जनुकाचा गळा ह्यानं आवळलेला असतोय. म्या धागा ओढतो, राखणदार मोकळा!"

टाळ्या पडल्या. मला हसू आलं आणि संतापही आला, कारण हे खोटं अर्ध्या खऱ्यावर उभं होतं. पेशींनी बेताल वाढू नये म्हणून आपल्या शरीरातली काही जनुकं त्यांचा लगाम धरून असतात. लगामाचं प्रथिन बनवायचा निरोप ती आरएनएच्या रूपानं पाठवतात. मायक्रोआरएनए हे अगदी आखूड तुकडे असतात. ते त्या निरोपाला चिकटतात, मग निरोप फाटतो किंवा वाचलाच जात नाही. निरोगी शरीरात हे काम बेतानं चालतं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये यांतल्या काही जातींचे तुकडे फार वाढतात, लगामाची प्रथिनं पुरेशी बनत नाहीत आणि पेशी मोकाट सुटतात. हे तुकडे साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसत नाहीत. महाराजांनी तर बुटाच्या नाडीएवढा काढला होता.

काढलेली 'गाठ' महाराज स्पिरिटच्या बाटलीत घालून घरी देत आणि देव्हाऱ्यात ठेवायला सांगत. आदल्या दिवशी शांतलिंग ती बाटली घेऊन माझ्याकडे आला होता.

"आरोहीताई, गाठ निघाल्याचा रिपोर्ट द्या. महाराज फ्रेम करून लावणार हैत."

मी तुकडा चिरला. आत अर्धवट पचलेला हिरवा पाला होता.

"शांतलिंग, हे बोकडाचं आतडं आहे. आमच्या घरी ह्याला वजडी म्हणतात."

"मग आईचं रक्त थांबलंय, त्याचं काय?"

"ते मधेच थांबतं, परत सुरू होतं. गाठ तिथंच असते."

त्याचा चेहरा ताठला. "तुमी मटण खाताव, म्हणून तुमाला सगळीकडं त्येच दिसतंय."

बाटली उचलून तो निघून गेला, ती परत देव्हाऱ्यात ठेवायला. म्हणून मी शेडमध्ये आले होते.

महाराजांनी काकूंना उभं केलं. "बघा, माउली किती हलकी झाली! वजन उतरलं म्हंजे विकार उतरला!"

काकू लाजून हसल्या. त्यांचे डोळे पिवळे पडले होते. मला ते दोरीबाहेरूनही दिसले.

मग एका नव्या रुग्णाला सतरंजीवर निजवलं. चेल्यानं परातीत कणकेचा मोठा गोळा आणला. हा गोळा पोटावर ठेवून चोळायचा आणि त्यातून गाठ ओढून काढायची, अशी तिथली रीत. मी दोरी ओलांडली.

"ओ बाई, इटाळ होईल!" चेला ओरडला.

"होऊ दे."

गोळा अजून कुणाच्या पोटाला लागलाही नव्हता. मी तो परातीतच फोडला. लाल पाणी सांडलं, त्यामागून पांढरे धागे आले आणि घडी घातलेलं आतडं बाहेर पडलं. मी परात उचलून दोरीबाहेरच्या लोकांपुढे धरली.

"हे काय आहे?"

ज्ञानोबा नावाच्या एका म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं. "आगं, ही तर वजडी हाय! नीट धुतली बी न्हाय!"

सगळी शेड हसू लागली. मागच्या दारानं सटकणाऱ्या महाराजांना लोकांनी धरलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

महांतप्पा हसले नाहीत. ते रोज देवासोबत त्या बाटलीलाही उदबत्ती ओवाळत होते आणि तिच्यापुढं ठेवलेला नैवेद्य खात होते. ते खाली वाकले आणि तिथंच ओकले. लोक आणखी हसले.

त्या गलक्यात काकूंनी माझा हात धरला.

"आरोही, ही जर बोकडाची, तर माजी कुठं हाय?"

"आतच आहे, काकू. ती बाहेर आलीच नव्हती."

"मग आता काढा की."

सोनोग्राफीत यकृतभर गाठी दिसल्या. सर्जननं कापायला नकार दिला. उन्हाळा लागायच्या आत काकू गेल्या. शांतलिंग अजूनही माझ्यासमोर येत नाही.

शौचावाटे रक्त जात असेल तर तपासून घ्या, लाजू नका. ऑपरेशनची तारीख मिळाली तर ती पाळा. आणि कुणी चमत्कार दाखवू लागला, तर बघायला कुणाला मनाई आहे आणि का, हे आधी विचारा. महाराज जामिनावर सुटले आहेत. त्यांची नवी शेड कुठं पडलीय मला ठाऊक नाही, पण दोरी तिथंही असणार. दिसली की ओलांडा, आणि आपल्या माणसाला उचलून दवाखान्यात आणा.