विंगेतल्या सुहासिनीबाई

ऑपरेशनआधी सुहासिनीबाईंच्या उजव्या कानामागचे केस काढता काढता मीना सिस्टरनं विचारलं, "आंटी, इतनी जल्दी पता कैसे चला? लोग तो साल-साल भर दवा डालते रहते हैं."

"इनकी वजह से," सुहासिनीबाई कौतुकानं नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "यही पकड़ के लाए. मैं तो मानती ही नहीं थी."

दिलीपराव खिडकीबाहेर पाहू लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही.

डॉक्टरकडे त्यांनीच नेलं होतं, हे खरं. कान वाहायचा, ठणकायचा, उशीवर रक्ताचा डाग दिसायचा. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना एकट्याला थांबवून सांगितलं, आत गाठ आहे, कॅन्सरची शंका येते, लगेच तुकडा काढून तपासू. बाहेर येऊन दिलीपरावांनी बायकोला सांगितलं, साधा जंतुसंसर्ग आहे, थेंब घालत राहा. कारण मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक तोंडावर आलं होतं. मंडीदीपच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेल्या या माणसाला वर्षातून एकदा नायक व्हायला मिळायचं, आणि पाठांतराच्या नावानं शंख. विंगेत सुहासिनीबाई पुस्तक धरून बसल्या, तरच साहेबांची गाडी पुढे सरकायची. ठणकता कान पदरानं दाबून त्या रोज तालमीला बसल्या. टाळ्या ह्यांना मिळाल्या.

विसर्जन झालं आणि मग तुकडा तपासला. डॉक्टर म्हणाले, अजून सुरुवातच आहे. कानाची नळी, पडदा आणि त्यामागची बारीक हाडं एकत्र काढू आणि कान आतून बुजवून टाकू. बरं होण्याची आशा चांगली, पण त्या कानानं ऐकणं संपलं. तेव्हाच आलो असतो तर, असं दिलीपरावांनी चाचरत विचारलं.

"कदाचित हेच ऑपरेशन करावं लागलं असतं," डॉक्टर म्हणाले.

त्या 'कदाचित'नं त्यांची झोप उडवली.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाई शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला, दात दाखवायला लावले. चेहरा दोन्हीकडून सारखा हलला, म्हणजे चेहऱ्याची नस शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिलीपराव स्टूल ओढून पट्टीच्या बाजूला बसले. मुद्दामच. तिथे बसून त्यांनी हलक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. मन जरा मोकळं झालं, आणि त्या मोकळेपणाची लाजही वाटली.

"काही म्हणालात का?" सुहासिनीबाईंनी विचारलं. "तिकडून नाही हो ऐकू येत आता. या बाजूला या."

काही नाही म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ते उठले, स्टूल उचलून पलंगाला वळसा घालून गेले आणि पुन्हा पहिल्यापासून बोलले. दोनदा अडखळले. पुढचा शब्द सुचवायला कोणी नव्हतं.

"म्हणजे मी तालमीला बसत होते, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

 सुहासिनीबाईंनी सावकाश कूस बदलली आणि चांगला कान उशीवर टेकवला.