धरलेली बोटं

हरणाबाईनं नवऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, कॉलर नीट केली आणि त्याच्या उजव्या हातावरचा टॉवेल हळूच ओढला. तानाजीनं तो तितक्याच हळूच परत हातावर घेतला.

"आवं, वकीलबाईंच्या म्होरं तरी नीट बसा की. हात काय कुणाचा चोरून आणलाय व्हय?"

"ऱ्हाऊ दे."

"बटणं मीच लावायची, च्याचा कपबी मीच धरायचा. तीन बोटं धड हायत न्हवं?"

"ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं का."

बटण लावता येत नव्हतं अशातला भाग नव्हता. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं शाबूत होती. पण बटण लावायचं तर हात टॉवेलाबाहेर काढावा लागला असता, आणि ते तानाजी गेल्या पावसाळ्यापासून कुणासमोर करत नव्हता. बायकोसमोरसुद्धा नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जिथून तुटलं, तिथं टाके घातल्यापासून बधिर होतं. गरम कप टेकला तरी कळत नसे. तिथं त्यानं हरणाबाईला एकदाही हात लावू दिला नव्हता.

ती बोटं मालकांच्या, नाथाजीरावांच्या शेडमध्ये गेली, हळद पॉलिश करायच्या ड्रमच्या पट्ट्यात. आता दोन बोटांचं एवढं काय घेऊन बसायचं, असं एखाद्याला वाटेल. वाटू दे. त्या माणसानं जनावरांचा बाजार बघितलेला नसणार.

बैल असो नाहीतर बकरं, बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात देतात, वर टॉवेल पडतो आणि आत बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. हजार की लाख, ते त्या दोघांना ठाऊक असतं. भोवतीनं माना उंचावून उभ्या असलेल्यांना टॉवेलाची हालचाल तेवढी दिसते. आणि एकदा 'दिलं' म्हणून हात सोडला की सौदा फिरत नाही. जो फिरवतो, त्याच्या हातात पुढच्या बाजाराला कुणी हात देत नाही.

तानाजीचं घराणं जतच्या पुढचं, मेंढरांमागं फिरलेलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो टॉवेलाखाली हात घालत आलेला. कुणाचा सौदा अडला की लोक त्याला चहा सोडायला लावून ओढत न्यायचे. नाथाजीरावांची ओळख तिथलीच. कुंडलचा हा बागायतदार, बैलांचा भारी शौक. जोडी पसंत पडली होती आणि भाव काही पटत नव्हता. तानाजी मध्ये पडला आणि दोन्हीकडची तोंडं हसरी करून मोकळा झाला. जोडी घेऊन जाताना नाथाजीराव म्हणाले, "सांगलीत हळदीची शेड टाकलीया. येतोस का गड्या?" दुष्काळाचं साल होतं. तो गेला आणि तिथलाच झाला.

शेडमध्ये तानाजीची पगारवाढ दर दिवाळीला ठरायची, तीही टॉवेलाखालीच. हिशेब लिहिणारा बिचारा मान लांब करून बघत राहायचा आणि मालक अन् गडी पोरांसारखे हसत सुटायचे.

"आता पाच कसं सांगू गं?" गावी परत आल्यावर तो हरणाबाईला एकदाच म्हणाला होता. "पंजाच न्हाई ऱ्हायला. माझ्या हातात हात कोन देतंय?" तेव्हापासून बाजाराचा दिवस आला की तो आपल्या शेळ्या घेऊन रानात निघून जायचा, आणि दिवस कलल्याशिवाय घरी यायचा नाही.

नाथाजीराव तर एकदाही भेटायला आले नव्हते. दवाखान्याचं बिल भरलं गेलं, औषधं आली, नंतर कोर्टाची कागदपत्रं आली. सगळ्यावर सही त्यांच्या थोरल्या मुलाची, वीरधवलची.

वकीलबाई आत आल्या. शिवांजली त्यांचं नाव. वयानं लहान, पण कामाला पक्क्या. सांगलीच्या कोर्टाजवळ, चहाच्या दुकानाच्या वर त्यांची ही एवढीशी खोली होती.

"काका, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "कायद्यात बोटांचा हिशेब ठरलेला असतो. कुठलं बोट, कुठून गेलं, तुमचं वय काय, पगार काय. व्याज धरून साडेतीन लाखांच्या आसपास बसतंय. त्याच्या खाली मी एक रुपया उतरू देणार नाही. तडजोड झाली तर दुपारीच कोर्टात कागद देऊ. न्यायाधीश विचारतील, रक्कम मान्य आहे का? तेव्हा मोठ्यानं सांगायचं."

तानाजीनं मान हलवली. मग थोड्या वेळानं विचारलं, "बाजाराचं कशात धरलंय, बाई?"

"कसला बाजार?"

"काय न्हाई."

जिन्यात काठी वाजली. पाठोपाठ ओळखीचा आवाज आला. "जरा दमानं रं! गुडघं माझं हायती, तुझं न्हवंत."

तानाजी उठून उभा राहिला.

वीरधवलनं वडिलांना धरून आत आणलं. नाथाजीराव पार वाळले होते. खुर्चीत बसले, काठी पायाशी ठेवली आणि तानाजीच्या तोंडाकडं न बघता टॉवेलाकडं बघत राहिले. हरणाबाईनं तांब्या पुढं केला.

"मालक, पानी घ्या."

त्यांनी तांब्या घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"दवाखान्याच्या दारापातूर आलतो, तानाजी," ते म्हणाले. "दोनदा आलतो. आत पाऊल टाकाय धीर झाला न्हाई. पट्ट्यावरची जाळी मीच काढाय लावली हुती. सारखी अडकतीया म्हनून. माझ्यापायी गेला तुजा हात."

"आबा," वीरधवलनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू गप. खरं हाय ते बोलतोय."

एवढे दिवस मालक आले नाहीत म्हणून तानाजी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होता, आणि आता त्यातली एकही आठवेना.

वीरधवलनं फाइल उघडली. "मॅडम, रकमेचं आम्ही असं ठरवलंय की—"

"मिटव ती," नाथाजीराव म्हणाले. "आमचं आमी ठरवतो. तानाजी, हात आण."

तानाजी हलला नाही. "मालक, त्यात आता काय ऱ्हायलं न्हाई."

"हात आण म्हटलं, गड्या."

"हे काय चाललंय?" शिवांजलीनं विचारलं.

"सौदा," हरणाबाई हलकेच म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा ऐट आली होती. "गप बसा बाई. आपल्याला त्यातलं काय दिसत न्हाई."

तानाजीनं हात पुढं केला. नाथाजीरावांनी आपला हात टॉवेलाखाली घातला. तो कोरडा होता, खरखरीत. अंगठा धरला गेल्याचं कळलं. मग पहिलं बोट, मग मधलं. तिन्ही घट्ट धरली होती. तो वाट बघत राहिला. पुढं काही आलं नाही.

तीन.

नाथाजीराव आता पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघत होते, आणि त्यांचे डोळे भरलेले होते. तानाजीला वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगायचं? पण हा माणूस दुखरे गुडघे घेऊन जिना चढून आला होता. चारचौघांत 'माझ्यापायी' म्हणाला होता. ज्या हातात कुणी हात देणार नाही असं वाटलं होतं, त्यात त्यानं स्वतः मागून हात दिला होता. याच्याशी आता घासाघीस कसली करायची!

"दिलं," तानाजी म्हणाला आणि त्यानं हात सोडला.

"किती?" शिवांजली म्हणाली.

"तीन."

"तीन लाख?" त्या उठूनच उभ्या राहिल्या. "नाही काका. आत्ता काय सांगितलं मी तुम्हाला? कायद्यानं बसतंय त्याच्यापेक्षाही हे कमी आहे."

"बाई, शब्द गेला माझा."

"शब्द गेला म्हणजे? न्यायाधीशांना काय सांगू मी? टॉवेलात ठरलं म्हणून?"

"काय बी सांगा. हात सुटला."

हरणाबाईनं पदर तोंडाला लावला. तिनं नवऱ्याला पुरतं ओळखलं होतं. घर विकायला काढील, पण टॉवेलाखालचा शब्द फिरवायचा नाही.

वीरधवलही गोंधळला होता. "आबा, साडेतीन ठरवून आलो होतो ना आपण? मग कमी कशाला करताय?"

नाथाजीराव एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. "तीन कोन म्हनलं?"

"तुमीच की, मालक," तानाजी म्हणाला. "तीन धरली तुमी."

"पाच धरली मी."

"पाच कुठली धरताय? हायतच तीन."

"आन् ही?"

नाथाजीरावांनी टेबलावरून हात लांबवून टॉवेल फस्सकन ओढून काढला. तानाजीला हात मागं घ्यायलाही सवड मिळाली नाही. सगळ्यांच्या देखत त्यांनी त्याचा पंजा आपल्या मुठीत घेतला, आणि अंगठा अन् दोन बोटांच्या पलीकडं, जिथं आता नुसते दोन आखूड उंचवटे राहिले होते, तिथपर्यंत आपली बोटं आवळली.

"ही दोन कुनाची? तवाबी धरली हुती, आताबी धरलीयात."

तानाजी आपल्या हाताकडं बघत राहिला. मालकांच्या बोटांची पेरं दाबून पांढरी पडली होती. एवढ्या जोरानं धरलेलं, आणि त्याला त्यातलं काहीसुद्धा समजलं नव्हतं.

"मला कळलं न्हाई, मालक," तो म्हणाला. आवाज लहान पोरासारखा आला. "तिथं मला काय कळतच न्हाई आता."

"मला कळतंय न्हवं?" नाथाजीराव म्हणाले.

खालच्या दुकानात चहाचे ग्लास विसळल्याचा आवाज येत होता.

"पाच, आबा?" वीरधवलनं हळूच विचारलं.

"व्हय, पाच. का, फिरवायचा म्हंतोस सौदा?"

वीरधवलनं क्षणभर वडिलांकडं बघितलं, मग तानाजीकडं. मग हसला आणि पेन उघडलं. "मी कशाला फिरवू? उद्या बाजारात मला कुणी उभं करायचं नाही."

शिवांजली कागदावर नवा आकडा लिहायला बसल्या, पण त्यांना चष्मा आधी पुसावा लागला. "काका," त्या म्हणाल्या, "आता हात सोडायला हरकत नाही. सही करायचीय."

तानाजीनं सही केली. उजव्या हातानं केली, सगळ्यांच्या समोर, सावकाश. टॉवेल जमिनीवर पडला होता. तो हरणाबाईनं उचलला, झटकला आणि नवऱ्याला न विचारता आपल्या पिशवीत कोंबला.

उठता उठता नाथाजीराव वीरधवलकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्या शाण्याला बैलजोडी घ्यायचीया. मोबाइलवर फोटू बघून घेतो म्हंतोय."

"फोटूत दात दिसत्यात व्हय बैलाचं?" तानाजी एकदम बोलून गेला.

"तेच म्हंतोय मी. मग येतोस का बाजारला? भाव कराय मानूस पायजे."

तानाजीनं हरणाबाईकडं बघितलं. ती पिशवीचा बंद आवळण्यात भलतीच गुंतली होती.

"येतो की," तो म्हणाला.

दुपारी न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा तो इतक्या मोठ्यानं "मान्य हाय!" म्हणाला की शिपाईसुद्धा वळून बघायला लागला.

परतीच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. सांगली सुटली तशी माणसं डुलक्या घ्यायला लागली. हरणाबाईनं पिशवीतनं टॉवेल काढला, झटकून घडी मोडली आणि दोघांच्या मांडीवर पसरला.

"आवं, मला शिकवा की."

"काय?"

"पाच कसं धरत्यात ते."

"तुला काय करायचंय शिकून? बायका करत्यात व्हय कवा सौदं?"

"तुमच्यापरास शेरडं मीच जास्त राखलीयात. भाव तेवढा तुमी करायचा. आना हात."

तानाजीनं आजूबाजूला बघून घेतलं. कंडक्टर पुढं बसून तिकिटांचा मेळ घालत होता. त्यानं टॉवेलाखाली हात सरकवला. तिनं अंगठा धरला, पहिलं बोट धरलं, मधलं धरलं. मग तिचा हात थांबला. तो खिडकीबाहेर बघत राहिला, हात मात्र त्यानं काढून घेतला नाही. टॉवेल जरासा हलला आणि स्थिर झाला.

"हं. हे पाच," तो म्हणाला. "कळलं?"

"न्हाई," हरणाबाई म्हणाली. "परत सांगा."

त्यानं परत सांगितलं. मिरज गेलं, कवठेमहांकाळ गेलं, तरी हरणाबाईला पाच काही येईना.