खोली दाखवा

"कॅमेरा फिरवा. खोली दाखवा," मोबाइलमधून मुलाखत घेणाऱ्या सरांचा आवाज आला.

कुसुमने मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवला होता. मागे नुसती भिंत दिसेल आणि सुजलेला डावा गाल अंधारात राहील, अशी जागा तिने सकाळीच शोधली होती. खोली दाखवावी लागते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने मोबाइल फिरवला. कपाट, त्याचा फुटलेला आरसा, कडी लावलेलं दार. पलंगाच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेतलेली सृष्टी.

"ही कोण?"

"माझी मुलगी, सर. चार वर्षांची. ती बोलणार नाही."

"तिला बाहेर पाठवा. उमेदवार एकटा हवा, नियम आहे."

बाहेर नवरा होता, ज्ञानदेव. फॉर्मवर ‘प्रत्यक्ष’ खोडून ‘ऑनलाइन’ लिहायला त्यानेच लावलं होतं. तिलाही वाटलं, घरात बसून उरकेल. कात्रजच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये ती सहा वर्षं मदतनीस होती. हे वर्षभराचं प्रशिक्षण मिळालं तर टेक्निशियन होणार होती, आणि प्रशिक्षणाबरोबर राहायला खोली होती. खोलीचं आज सकाळी त्याला कळलं.

दारावर लाथ बसली. "उघड वं! कोन्त्या डाक्टरले तोंड दाखवून राहिली?"

"बांधकाम चालू आहे का तुमच्याकडे?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"बरं. मुलीला पाठवताय ना? ही मुलाखत आहे मॅडम, घरगुती समारंभ नव्हे."

कुसुमने सृष्टीकडे पाहिलं. पोरगी दाराकडे बघत होती.

"नाही पाठवणार, सर."

"मग थांबवावं लागेल."

"थांबवा."

सरांशेजारच्या यास्मिन मॅडम पडद्याजवळ वाकल्या. "आम्ही पाचपर्यंत इथेच आहोत. कर्वेनगरला. समोर येणाऱ्यांसाठी," त्या घाईघाईने म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

कडीचा एक स्क्रू निघाला होता. कुसुमने सर्टिफिकेटांची पिशवी गळ्यात अडकवली, सृष्टीला डाव्या कडेवर घेतलं आणि कडी स्वतःच काढली.

त्याने केस धरून तिचं डोकं चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली. पोटात लाथ बसली तेव्हा ती वाकली, पण कडेवरचा हात सुटला नाही. मग त्याचं लक्ष मोबाइलकडे गेलं. तो फोडायला नवरा आत वळला आणि ती जिन्यात धावली.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कांताबाई बादली घेऊन जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी आपल्या चपला पायाने तिच्या अनवाणी पायांपुढे सरकवल्या.

"जा तू. मी जिना धुतेय. घसरून पडलं कोणी, तर माझा नाइलाज आहे."

आणि अख्खी बादली त्यांनी पायऱ्यांवर ओतली.

कर्वेनगरच्या हॉस्पिटलात वॉचमनने यादी पाहिली. "तुमचं नाव ऑनलाइनमध्ये आहे. ऑनलाइनवाले घरी असतात, बाई."

"मी घरी नाही."

त्याने यादीतून मान वर केली. मग आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि आत निरोप द्यायला गेला.

तिला पाहून सर उठून उभे राहिले. यास्मिन मॅडमनी कापूस काढला. "आधी टाके घालून घेऊ."

"आधी विचारा, मॅडम. नंतर ओठ बधिर होईल, बोलता येणार नाही."

सर बसले. त्यांनी तिचा फॉर्म पुढे ओढला.

"पेशंट मशीनवर घेण्याआधी काय बघाल?"

"वजन. मग बीपी. मग हात, फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली नस, कोणत्या हाताला आहे ते." ओठाचं रक्त तिने ओढणीने टिपलं. "नस थरथरतेय का, बोट ठेवून बघायचं. त्या हातावर बीपी घ्यायचा नाही, डायलिसिसशिवाय दुसरी सुई टोचायची नाही. तो हात दाबू द्यायचा नाही, सर. कुणालाच."

सृष्टी झोपली होती. तिच्या डोक्याखाली कुसुमचा डावा हात केव्हाचा बधिर झाला होता. तिने तो हलवला नाही.

"पुढचा प्रश्न, सर," ती म्हणाली.