दोन घरांचा खांदा

मी गंज बोलतोय. पुण्याकडचे मला पातेलं म्हणतात. म्हणू द्या, त्यांना कुठं माझ्यात अख्ख्या वस्तीचं वरण शिजवायचं आहे! मी नेरजवळच्या एका बौद्धवस्तीचा, अस्सल पितळेचा, पोटानं भरदार. शाळेत गेलो तो खिचडीपुरता, तेव्हा माझं शुद्धलेखन तपासत बसू नका.

माझा जन्म मोडीतून झाला. वस्तीतल्या घराघरानं जुनं पितळ दिलं. कोणी फुटकी परात दिली, कोणी दांडा तुटलेली पळी. पंचफुलाबाईच्या सासूनं चेपलेला लोटा दिला आणि मरेपर्यंत 'अर्धा गंज माहाच हाये' असं सांगत फिरली. कासारानं ते सगळं वितळवून मला घडवलं. म्हणजे माझ्यात सगळी घरं आहेत, भांडकुदळ घरंसुद्धा. उगाच का मी एवढा खणखणतो?

मग विहारात बैठक बसली आणि नेम ठरला. ज्याच्या घरी लग्न किंवा मयत, त्यानं मला विहाराच्या ओट्यावर काढून ठेवायचं. कोणाला बोलवायचं नाही, कोणाच्या विनवण्या करायच्या नाहीत. ज्याची नजर माझ्यावर पडली, त्यानं खांदा द्यायचा. माझ्या कड्यांतून बांबू घालायचा. एक टोक कार्यघरच्यानं धरायचं, दुसरं दुसऱ्या घरच्यानं. एका घरच्या दोघांनी मला उचलायचं नाही. दुसरं टोक धरायला कोणी आलंच नाही, तर वस्तीनं ते घर सोडलं असं समजायचं.

आज पंचफुलाबाईच्या मोनालीचा मंगल परिणय. सकाळीच मला ओट्यावर काढलं. आणि काय गंमत! सगळ्या वस्तीची मान एकदम आभाळात. कोणी विजेच्या तारा पाहतंय, कोणी नसलेले ढग. मला पाहायला कोणी तयार नाही.

कारण पंचफुलाबाईचा थोरला, राजदीप. यंदाच्या जयंतीला वस्तीतल्याच श्रावणनं डीजे सांगितला होता. वस्तीत पोरांच्या परीक्षा, म्हणून राजदीपनं तो वेशीवरूनच परत धाडला. श्रावणचं नाक कापलं गेलं, आणि ज्यांचा नाच बुडाला ते सगळे श्रावणकडे. तेव्हापासून राजदीपच्या घराशी अबोला.

धाकटा विक्की वैतागला. "माय, मी अन् दादा उचलतो ना! कोण पाहून राह्यलं?"

"हात तं लावून पाह्य! तंगडं मोडीन."

"मंग नेरच्या कॅटररले फोन करतो. त्याच्यापाशी गंजच गंज हायेत."

"त्याचे गंज येतीन रे," पंचफुलाबाई ओट्यावर बसली, "मानसं येतीन का?"

तिचा आवाज असा बसलेला मी कधी ऐकला नव्हता. नवरदेवाची वरात दुपारी यायची होती.

तेवढ्यात श्रावण दात घासत नळावर आला. मान आभाळात, तोंडात फेस. मी काय सज्जन आहे का गप्प बसायला? अंगावर ऊन घेतलं आणि नेमकं त्याच्या डोळ्यांत मारलं. त्यानं दचकून पाहिलं. पाहिलं की पाहिलं!

त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं, मुकाट्यानं बांबूचं मागचं टोक खांद्यावर घेतलं. पुढचं राजदीपनं घेतलं. निघालो. दोघं एकमेकांशी बोलेनात, म्हणून माझ्याशी बोलू लागले.

"गंजा, मांगच्याले सांग, हळू चाल म्हणा. इथं काय डीजे वाजून नाई राह्यला!"

"गंजा, समोरच्याले सांग, पाय उचल. परीक्षा संपल्या म्हणा!"

मी कशाला सांगतो? मी मस्त झुलत होतो. नाल्याच्या फरशीवर जरा जास्तच झुललो. राजदीपचा पाय घसरला.

"राज्या, सांभाळ!" श्रावण ओरडला. बांबू सोडला नाही त्यानं. स्वतःचा गुडघा टेकला, पण खांदा तसाच.

झालं, अबोला मोडला, आणि भांडण सुरू! "लागलं का?" विचारून श्रावणनं असं तोंड सोडलं, की जयंतीपासूनचं सगळं बाहेर. "मले आधी सांगतलं असतं तं मीच बंद केला असता ना बे! चारचौघांत काहून परत धाडला?" राजदीप लाल झाला. म्हणाला, "चुकलं ते. पण डीजे पुढच्या साली बी नाई येणार." "मंग आधी माह्या घरी येऊन सांगजो!"

एवढं फुकटचं भांडण कोण सोडतं? घराघरातून माणसं बाहेर आली, आणि आली ती पाहत पाहत आमच्यामागं थेट मांडवापर्यंत. तिथं श्रावणची बायको ममता पदर खोचून पुढं झाली. "तमाशा पाहून राह्यले का? कांदे कोण कापीन?"

आता मी चुलीवर आहे. पोटात तुरीचं वरण रटरटतंय. श्रावण घोटतोय, राजदीप जाळ सारतोय, दोघांचं भांडण अजून चालूच आहे. पंचफुलाबाई सगळ्यांवर खेकसत फिरते आहे, म्हणजे बाई ठणठणीत आहे.

मला चार पोचे आलेत, एक कडी ढिली झाली आहे. त्याचं मला काही नाही. आमच्याकडे कधी आलात आणि मी ओट्यावर दिसलो, तर मोबाईल काढून फोटो घेत बसू नका. बांबू बाजूलाच ठेवलेला असतो.