मी बरोबर मोजू लागले तेव्हा

मित्रांनो, मी तारखा मोजणारी एक जुनी लायब्ररी आहे. नावाला लायब्ररी, पण पुस्तक एकही नाही. इतर प्रोग्रामांनी उसनी घ्यावीत अशी तयार गणितं माझ्यात आहेत. गणिताच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला लिहिलं. सगळे त्यांना काका म्हणत.

मला एक खोड होती. पहिला दिवस मी मोजायलाच विसरायची. वापरणाऱ्यांनी काकांना कळवलं नाही. गुपचूप माझ्या उत्तरात एक मिळवला आणि कामाला लागले. रक्तपेढीतल्या ताईंनीही तेच केलं. त्यांच्याकडे रक्ताची पिशवी पस्तीस दिवस चाले. छत्तिसावा उजाडला की त्यांचा प्रोग्राम तिच्यावर लाल खूण करी आणि ती फेकली जाई. बारा वर्षं सगळं सुरळीत चाललं. लोक मला वाखाणत आणि मी हुरळून जाई.

मग एकदा पुतणीच्या सुट्टीचे दिवस मोजताना काकांना माझी चूक दिसली. ते फार शरमले.

पुतणी म्हणाली, "काका, थांबा. लोकांनी तुमच्या चुकीवर संसार मांडलेत. निदान आवृत्तीच्या क्रमांकातला पहिला आकडा तरी बदला, म्हणजे ते सावध होतील."

"अगं, एका दिवसाचा तर फरक! त्याचा काय गाजावाजा करायचा?"

त्यांनी चूक सुधारली आणि क्रमांकातला फक्त शेवटचा आकडा बदलला. असा किरकोळ बदल संगणक कोणाला न विचारता घेतात. रक्तपेढीच्या संगणकानेही घेतला. मी बरोबर मोजलं, त्यात ताईंचा जुना एक मिळाला आणि पस्तिसाव्या दिवशीच दोन पिशव्या लाल झाल्या. दुर्मीळ गटाच्या त्या दोनच उरल्या होत्या. ताईंनी नियमाप्रमाणे सकाळी त्या फेकल्या.

दुपारी एका बाळंतिणीचा नवरा धावत आला. "ताई, एक तरी द्या हो!"

"दादा, सकाळपर्यंत होत्या..." ताईंनी शेजारच्या शहरात फोन लावला.

तिथून रक्त येईपर्यंत बाळंतीण गेली. तिची नवजात मुलगी वाचली.

ताईंनी काकांना लिहिलं, "तुमचं गणित आता बरोबर आहे. पण आधी सांगायला हवं होतंत. आणि चूक दिसली तेव्हा मीही तुम्हाला कळवायला हवं होतं." काकांनी ते वाचलं आणि त्यानंतर माझ्याकडे पाहिलंही नाही. आता मला वाली नाही, तरी किती कचेऱ्यांत मी राबते आहे. माझं उत्तर कधी चुकत नाही, आणि मला त्याची लाज वाटते.

मित्रांनो, चूक जरूर सुधारा. पण तिच्या आधाराने कोण उभं आहे ते बघा, आणि त्याला आधी हाक मारा. मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते.