केबिनवरचा माळा

लिफ्टवाल्याच्या डोळ्यांत धूळ फेकता येत असे, त्याला काहीबाही सांगून पटवताही येत असे, पण त्याच्या पायांना फसवणं कोणालाच जमलं नाही. अडतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त करण्यात काढली होती. लिफ्टच्या मधोमध उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि फरशी किती दबली यावरून आत किती माणसं चढली ते सांगायचं, हा त्याचा हातखंडा. बरोबरची मंडळी पैज लावायची आणि हरायची. निवृत्त झाल्यावर या विद्येचा उपयोग शून्य, पण सवय काही जात नाही. जरा हलत्या जमिनीवर पाय पडला की तो मनातल्या मनात माणसं मोजू लागायचा.

मोटारहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन गावोगाव फिरायचं, हे मुळात त्याच्या बायकोचं आणि तिच्या थोरल्या बहिणीचं स्वप्न. ही ताई त्यांच्याकडे आठवडाभरासाठी म्हणून आली आणि एकतीस वर्षं राहिली. दोन खोल्यांचं घर. ताईची खाट बाहेरच्या खोलीत, भिंतीपलीकडे हे दोघं. नवराबायकोला भांडायचं असलं तरी कुजबुजत भांडावं लागे, आणि कुजबुजून कोणाचं भांडण रंगलंय? बरं, ताईला नावं ठेवावीत तर तशी सोय नव्हती. त्याच्या शर्टांची बटणं ती न सांगता लावायची, त्याला खोकला झाला की तीच आधी उठायची. शेवटच्या आजारपणात ऐन वेळी इमारतीतली लिफ्ट बंद पडली, तेव्हा त्यानेच तिला पाठीवर घेऊन पाच जिने उतरवलं होतं. पंचेचाळीस किलो. वजन करायची गरजच पडली नाही, पाठीने सांगितलं.

ताई गेली. पाहुणे पांगल्यावर त्याने सकाळी चहासाठी दोनच कप काढले आणि त्याला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची शरम वाटली. पण शरम काही दिवसांनी जिरली आणि ते बरं वाटणं तेवढं उरलं. आता तरी आपण दोघंच, एवढीच त्याची इच्छा होती. बायकोने मोटारहोमचा विषय काढला तेव्हा त्याने एका पायावर हो म्हटलं ते याचसाठी.

जुन्या मोटारहोम विकणारी बाई शहराबाहेर एका मोठ्या आवारात बसायची. पन्नाशीची, गळ्यात चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा. तिचा एक हट्ट होता: गिऱ्हाइकाने गाडीत एकट्याने बसायचं, आणि त्या गाडीत जेवढ्या खाटा असतील तेवढ्यांवर चपला काढून पडून बघायचं. त्याशिवाय ती सौदा करत नसे.

"गाडी चालवून सगळेच बघतात," ती म्हणाली. "पण तुम्ही तिच्यात राहणार आहात. आधी जरा कंटाळून बघा. मी तिकडे काचा पुसते."

तीन गाड्या पसंतीला होत्या. पहिलीला चालकाच्या केबिनवर पुढे आलेला फुगीर माळा होता, टेंगूळ आल्यासारखा. त्यात आडवी खाट, दोन्ही बाजूंना वीतभर खिडकी आणि चढायला शिडी. दुसरी पुढून बससारखी सपाट, तिच्यात खाट छताला लपवलेली. बटण दाबलं की ती चालकाच्या डोक्यावर खाली उतरे. तिसरीचं कपाळ उतरतं, केबिनवर फक्त काच आणि आभाळ. तिच्यात एकच खाट, मागच्या बाजूला, दोघांपुरती.

"तिसरी," लिफ्टवाला न बघताच म्हणाला. "ठेंगणी आहे, वाऱ्याला अडणार नाही, पेट्रोल कमी पिते. वरची खाट कोणासाठी हवीय आपल्याला?"

बायकोने त्याच्याकडे बघितलं. "आधी पहिली बघू," ती म्हणाली.

तो आत चढला, मधोमध उभा राहिला आणि सवयीने त्याने डोळे मिटले. पायरी कुरकुरली, फरशी दबली. बायको आली. दोन. मग फरशी पुन्हा दबली, हलकेच, आणि भार त्याच्या बाजूने पुढे सरकला. शिडीपाशी थांबला आणि फरशीवरून उचलला गेला.

"तुम्ही काचा पुसणार होतात ना?" तो डोळे न उघडताच म्हणाला.

"कोणाशी बोलताय?" बायकोने विचारलं. त्याने डोळे उघडले. बायको दारातच उभी होती, दाराची कड हातात धरून, मागून कोणी येत असलं की माणसं लिफ्टचं दार धरून ठेवतात तशी. विकणारी बाई आवाराच्या पलीकडच्या टोकाला बादली भरत होती.

उन्हाने लोखंड प्रसरण पावतं, जुन्या स्प्रिंगा उशिरा बसतात. स्वतःची समजूत घालायला त्याच्याकडे अडतीस वर्षांचं ज्ञान होतं आणि ते सगळं त्याने पणाला लावलं.

बायको शिडी चढून माळ्यात गेली. तिचे फक्त पाय दिसत होते. "किती छान आहे हो," वरून आवाज आला. "एका माणसाला ऐसपैस. ताईला खिडकी लागायची ना झोपताना." मग ती जरा थांबली आणि कोणीतरी काहीतरी विचारल्यासारखं हलक्या आवाजात म्हणाली, "हो, उघडते ना."

लिफ्टवाला खाली उतरला.

दुसऱ्या गाडीत तो मुद्दाम हसतखेळत शिरला. छतातून उतरणारी खाट म्हणजे त्याच्या घरचीच विद्या, छोटी लिफ्टच ती. बटण दाबलं, खाट सुळकन खाली आली. रिकामीच होती, त्याने हाताने चाचपून बघितलं. बायको दार धरून उभी होतीच. मग ती सावकाश आत आली. त्याने वर नेण्याचं बटण दाबलं आणि मोटर कण्हली. खाट रिकामी वर जातानाचा आवाज वेगळा असतो, माणूस घेऊन जातानाचा वेगळा. हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. खाट छताला टेकेपर्यंत तो ऐकत राहिला. चाळीस किलोच्या वर, पन्नासच्या आत.

"ही पण नको," तो म्हणाला. आवाज नको तेवढा वर गेला होता.

"का पण?"

"मोटर खराब आहे."

"मोटर महिन्यापूर्वी नवी बसवलीय," लांबून विकणारी बाई म्हणाली.

तिसरीत शिरताना बायकोने मागे पहिल्या गाडीकडे बघितलं, माळ्याच्या खिडकीकडे. मग ती आत आली आणि तिने दार लगेच ओढून घेतलं. लिफ्टवाला मधोमध उभा होता, श्वास रोखून. दोन. त्याने शंभरापर्यंत आकडे मोजले. फरशी गप्प. दोनच.

त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने बायकोचा हात धरला. भर दुपारी, दुसऱ्याच्या आवारात, एकसष्टाव्या वर्षी. "हीच घेऊ," तो म्हणाला. "आपल्याला दोघांना पुरे. एकदा तरी आपण दोघंच जाऊ या गं. मी कधी काही बोललो नाही, पण मला हवंय."

बायकोने हात सोडवून घेतला नाही. "तुम्ही कधी बोललाच नाहीत," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं तुम्हाला चालतं." मग बराच वेळ तिने वरच्या काचेतून आभाळ बघितलं आणि म्हणाली, "वर जागाच नाही हिच्यात. बघ बाई, तुला चालणार असेल तर."

बायको आपल्याला कधी 'तू' म्हणत नाही, हे बोलण्याच्या ओघात त्याच्या ध्यानात आलं नाही. आनंदात माणसाचे कान बंद होतात.

"खाटेवर पडून बघितलं का?" विकणाऱ्या बाईने कागद पुढे करताना विचारलं.

"गरज नाही. मी पायांनी बघितलंय."

"माझा नियम आहे."

"तुमच्या नियमाला माझा नमस्कार," लिफ्टवाला म्हणाला आणि त्याने सही ठोकली. बाईने खांदे उडवले. इतक्या वर्षांत तिचा नियम मोडणारं हे पहिलंच गिऱ्हाईक, पण तो हसतमुख होता आणि तिला उन्हाचा कंटाळा आला होता.

"माझी पर्स राहिली माळ्यात," बायको म्हणाली आणि पहिल्या गाडीकडे गेली. परत यायला तिला वेळ लागला. लिफ्टवाल्याने तिला नव्या गाडीच्या बाजूच्या आरशात बघितलं. ती सावकाश चालत होती, एक हात अंगापासून जरासा लांब धरून, गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर चालावं तशी. गाडीशी येऊन तिने बाजूचं दार उघडलं आणि धरून ठेवलं. पण तो तेव्हा चालकाच्या जागेवर बसला होता. त्या खुर्चीला स्वतःची स्प्रिंग असते, तिथे पायांना काही कळत नाही.

पुढच्या आठवड्यात ते निघाले. पहिल्या दिवशी दुपारी त्याने गाडी एका तळ्याकाठी झाडांच्या सावलीत लावली. जेवण झालं. तळ्यात बदकं होती, माणूस एकही नव्हतं. एकतीस वर्षांनी भिंतीपलीकडे कोणी नव्हतं आणि लिफ्टवाल्याला हसू येत होतं. त्याने काही कारण नसताना मोठ्याने गाणं म्हटलं. मग मागच्या खाटेवर पहिल्यांदाच आडवा झाला, ऐन मधोमध.

बायको भांडी आवरून आली आणि खाटेच्या बाहेरच्या कडेला टेकली. "अहो, जरा सरका."

तो सरकला. ती आडवी झाली, अगदी कडेला, एक पाय जवळजवळ खाली.

"आणखी थोडं."

तो भिंतीला टेकला. दोघांच्या मध्ये हातभर जागा रिकामी होती. "अगं, पडशील. इतकी लांब कशाला?"

"मग मावायचं कसं?" बायको छताकडे बघत साध्या आवाजात म्हणाली. "वर माळा नाही. ती झोपणार कुठे?"

खाटेची पायथ्याकडची कड दबली. मग गुडघा टेकवल्यासारखं मध्ये दबलं, मग लांबट, उशीपर्यंत. पाय त्याचे फरशीवर नव्हते, पण पाठ गादीवर होती आणि पाठीला ते वजन पाठ होतं. पाच जिने उतरून पाठ झालेलं.

"आपण परत जाऊ," थोड्या वेळाने तो म्हणाला. "ही देऊन टाकू. ती माळ्याची गाडी घेऊ. तिला खिडकी मिळेल, तिची खाट तिला राहील. उद्याच जाऊ."

बायको मधल्या रिकाम्या जागेकडे वळली, त्याच्याकडे नव्हे. काही ऐकत असल्यासारखा तिने कान दिला. मग हसली. असं ती किती तरी दिवसांत हसली नव्हती.

"नको म्हणते," ती म्हणाली. "तिला हेच आवडलं. एकतीस वर्षं बाहेरच्या खोलीत काढली हो तिने. एकदाही म्हणाली नाही, पण तिला एकटीला फार भीती वाटायची."

लिफ्टवाल्याने भिंतीकडे तोंड केलं. बाहेर बदकं ओरडत होती. मागे गादी हळूच त्याच्या बाजूला कलली, आणि त्याच्या शर्टाचं मानेजवळचं सैल झालेलं बटण कोणीतरी चाचपून बघितलं.