सिंकखालची कबुली

नळमामांनी ठरवूनच टाकलं होतं, की चर्चच्या पाळकबाईंना जे सांगायचं ते सिंकखाली आडवं पडूनच सांगायचं. तोंडावर बोलायची छाती नव्हती. त्यात बाईंच्या स्वयंपाकघरातला पाइप गळायला लागला आणि मामांना आयतंच बोलावणं आलं.

गोष्ट अशी, की या चर्चच्या मंडळीत वर्षाच्या सुरुवातीला डब्यातून प्रत्येकाने एकेक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर मंडळीतलंच कुणीतरी. त्या माणसासाठी वर्षभर गुपचूप प्रार्थना करायची आणि या कानाची त्या कानाला खबर लागू द्यायची नाही. मामांच्या वाट्याला आली औषधांच्या दुकानातली खडूस बाई. पण खरं दुखणं ते नव्हतंच. सहा महिने झाले, मामांना प्रार्थनाच होत नव्हती. ना घरात कुणी गेलं, ना काही बिनसलं. कारण असतं तर निदान त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. गुडघे टेकावेत, डोळे मिटावेत, आणि आत सगळं कोरडं ठणठणीत. आणि उद्याच्या उपासनेत उभं राहून मोठ्याने प्रार्थना करायची पाळी नेमकी त्यांचीच! बायकोला सांगू जावं, तर ती म्हणायची, तोंड पाडून बसू नका, आधी जेवून घ्या. झालं, विषय संपला.

पाळकबाई टॉर्च धरून वाकल्या होत्या. मामांनी झिजलेला वायसर काढला, नवा बसवला आणि पान्याने आवळता आवळता एका दमात सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी परत घ्या, उद्या दुसऱ्या कुणाला उभं करा, माझं देवापर्यंत काही पोचत नाही.

मग टॉर्चचा उजेड थरथरायला लागला. बाई चक्क हसत होत्या.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताडकन उठायला गेले आणि सिंकवर डोकं आपटलं खण्णकन.

बाईंनी आधी माफी मागितली आणि मग डोळे पुसत सांगायला लागल्या. वर्षाच्या सुरुवातीला त्या इथे अगदी नव्या होत्या. चिठ्ठ्या केल्या त्या वह्यांवरून. गायनाच्या वहीत ‘जाड आवाजवाले’, दुरुस्तीच्या वहीत ‘प्लंबर’, मुलांच्या वर्गाच्या वहीत ‘नळमामा’. बाईंना वाटलं, माणसं तीन, म्हणून चिठ्ठ्याही तीन! आणि गेल्या महिन्यात तिघं जण वेगवेगळे येऊन एकच सांगून गेले: नाव सांगत नाही, पण माझ्या चिठ्ठीतला माणूस आतून खचलाय. आत्ता मामांचं ऐकताना बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, तिन्ही चिठ्ठ्या एकाच माणसाच्या!

“मंडळीतली तीन माणसं खचलीत म्हणून मी काळजीने अर्धी झाले होते,” बाई म्हणाल्या. “तुमच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता, मामा, तेव्हा तुमच्यासाठी तिघं गुडघ्यांवर होती. चूक माझीच. पण माझ्या हातून ती कुणी करवून घेतली, ते तुम्हीच सांगा.”

मामा फरशीवर बसूनच राहिले. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना रडू आलं, आणि बरं वाटलं. तिघं कोण, ते मात्र बाईंनी काही केल्या सांगितलं नाही. मामांनी नळ सोडून पाहिला, थेंब गळत नव्हता. चिठ्ठी त्यांनी परत खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी मामा उभे राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरले.

“प्रभू,” ते म्हणाले, “मला बोलता येत नव्हतं, तेव्हा तू माझ्यासाठी तिघांचं ऐकत होतास. तुझे आभार. आणि माझ्या वाट्याचं जे माणूस आहे, त्यालाही सांभाळ. माझ्याकडून कुचराई झाली.”

सगळ्यांचं आमेन उठायच्या आधीच तीन आमेन आली, घाईघाईने आणि जरा जास्तच मोठ्याने. पहिलं गायकांच्या बाकावरून, मंडळीतल्या शिंप्याचं. दुसरं मागच्या रांगेतून, आणि ते होतं औषधांच्या दुकानातल्या खडूस बाईचं! मामा बघतच राहिले. तिसरं अगदी त्यांच्या शेजारून आलं.

मामांनी खाली पाहिलं. बायको मान खाली घालून डोळे पुसत होती.

“इतके महिने बोलली नाहीस?” त्यांनी हळूच विचारलं.

“नियम म्हणजे नियम,” ती म्हणाली. “बसा आता.”